खुणेचा रकाना

"हे बघ, मला एवढंच पाहिजे," असं म्हणत नलवडेबाईंनी पिशवीतून कॅलेंडरचं एक फाडलेलं पान काढलं आणि माझ्या कीबोर्डवरच पसरलं.

पानाच्या कोऱ्या बाजूला पट्टीनं आखलेला तक्ता होता. वर पेन्सिलीनं पाच रकान्यांची नावं लिहिली होती. कोणाला शोधताय, वय, गाव, भाषा, ओळखीची खूण. खाली दोन ओळी नमुना म्हणून भरलेल्याही होत्या. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या बाईंचं अक्षर छापल्यासारखं होतं.

"आता काय दिसतं मला? विचारणा एकशे बारा, विचारणा एकशे तेरा, आणि पुढं तारीख. आत कोण आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. तो आमचा कॉम्प्युटर एक पान उघडायला मिनिट घेतो. परत मागं आलं की पुन्हा यादीच्या टोकावर नेऊन सोडतो. मग मी कुठं होते तेच विसरते."

"बाई, ते सिस्टीमचं आहे तसंच येतं. नंबर आणि तारीख."

"ते बदलता येतं का नाही तेवढं सांग."

"येतं की. कॉलम वाढवायचे. अर्ध्या तासाचं काम आहे."

"मग झालं तर." त्या खूश झाल्या. "खुणेचा रकाना मात्र नक्की टाक हं. बाकीचं एक वेळ राहू दे. नाव माणूस विसरतो, गाव विसरतो. खूण अंगावरच असते."

"शनिवारी करून टाकते," मी म्हणाले.

ऑगस्टचा महिना होता. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. मिरजेत सतारीच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर एक खोली घेऊन एकटीनं वेबसाइट बनवायचं काम सुरू केलं होतं. अस्मिता मगदूम असं नाव दारावर लावलेलं होतं आणि ते रोज येता-जाता वाचायला मला आवडायचं.

नलवडेबाई ज्या संस्थेतून यायच्या तिचं नाव ओसरी. रेल्वे स्टेशनवर, एस.टी. स्टँडवर भरकटलेली माणसं सापडतात. डोकं ठिकाणावर नसलेली, आपलं नाव-गाव सांगू न शकणारी. त्यांना तिथं आणून न्हाऊमाखू घालायचं, दवाखाना करायचा, आणि जमलंच तर घरच्यांचा पत्ता लावायचा, हे ओसरीचं काम. त्यांची वेबसाइट मी सेवा म्हणून करून दिली होती. बाहेरच्या बाजूला तिथल्या माणसांचे फोटो, आणि खाली एक फॉर्म, की तुमचं माणूस हरवलं असेल तर इथं माहिती भरा. भरलेले फॉर्म वेबसाइटच्या आतल्या बाजूला एका यादीत जमा व्हायचे. ती यादी फक्त नलवडेबाई बघायच्या. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीन दिवस त्या विनावेतन तिथं बसत होत्या.

जुलैमध्ये एका मोठ्या वर्तमानपत्रात ओसरीबद्दल लेख आला आणि महिन्याभरात तीनशेवर फॉर्म आले. खरे थोडे, बरेच दुबार, काही कर्जाच्या जाहिराती. सगळे सारखेच दिसत होते. विचारणा अमुक, तारीख तमुक.

त्या शनिवारी मला साखरपुड्याला जायचं होतं. पुढच्या शनिवारी एका मंगल कार्यालयाची वेबसाइट सुरू व्हायची होती. नंतर एका द्राक्ष निर्यातदाराचं काम आलं, माझ्या आयुष्यातलं पहिलं मोठं काम. इंग्रजीत, जर्मन गिऱ्हाइकांसाठी. त्यात मी आकंठ बुडाले. कॅलेंडरचं पान मी टेबलाच्या खणात ठेवलं होतं, मध्ये कधीतरी त्याच्यावर चहाचा कप टेकवलेला आठवतोय.

सप्टेंबरमध्ये बाईंचा फोन आला. "अस्मिता, आठवण करून द्यायला केला गं."

"हो बाई, लक्षात आहे. या शनिवारी नक्की. तोवर एकेक उघडून बघा ना."

"बघते की. आता मी वहीच केलीय. उघडायचं, वहीत उतरून घ्यायचं. जुन्यापासून सुरू केलंय. जे आधीपासून वाट बघतायत त्यांचा नंबर आधी."

ऑक्टोबरात पुन्हा फोन आला. त्यांच्या आवाजात राग कधीच नसायचा आणि त्याचाच मी फायदा घेत होते, हे तेव्हा मी कबूल केलं नसतं. नोव्हेंबरात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर त्या स्क्रीनपुढं बसल्याच नाहीत. मला थोडं सुटल्यासारखंच वाटलं.

शांतारामला मी दोनदा पाहिलं होतं.

शांताराम हे ओसरीनं ठेवलेलं नाव. तो अजिबात बोलायचा नाही, म्हणून शांताराम. जूनमध्ये स्टेशनवर तीन नंबर फलाटाच्या टोकाला सापडला होता. चाळिशीचा, काळासावळा, अंगानं वाळलेला. कधी बोललाच तर दोन-तीन शब्द बोलायचा आणि ते कोणालाच समजायचे नाहीत. स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचं म्हणणं, तेलुगू असावं. म्हणून वेबसाइटवर त्याच्या फोटोखाली लिहिलं होतं, भाषा बहुधा तेलुगू, बहुधा आंध्र किंवा तेलंगणातला. फोटो तो सापडला त्या दिवशीचा होता, वाढलेल्या दाढीजटांत चेहरा ओळखूच येत नव्हता. मी फॉर्म बसवायला गेले तेव्हा तो आवारात तांदूळ निवडत बसला होता. मला उभी पाहून त्यानं उठून खुर्ची आणून ठेवली आणि पुन्हा तांदळापाशी जाऊन बसला. दुसऱ्यांदा गेले तेव्हाही त्यानं तसंच केलं. त्याच्या उजव्या मनगटावर विंचू गोंदलेला होता. पण पुरा नव्हता. शेपटी वर वळून तशीच संपलेली, नांगी नव्हतीच. बाईंनी ते त्याच्या नोंदीत बारकाईनं लिहिलं होतं.

दहा जानेवारीला सकाळी बाईंचा फोन आला. "शांताराम गेला गं काल. न्यूमोनिया झाला होता. चार दिवस सरकारी दवाखान्यात होता."

"अरेरे," मी म्हणाले.

"आता पोलीस आठवडाभर वाट बघतील. कोणी आलं नाही तर आपणच माती द्यायची."

त्या कॉलमबद्दल काही बोलल्या नाहीत. फोन ठेवल्यावर मलाच ते आठवलं, आणि मी पुढच्या आठवड्यातला दिवस मुक्रर केला. लाज वाटून असेल, किंवा द्राक्षांचं काम संपलं होतं म्हणून असेल.

वीस तारखेला, सोमवारी, सकाळी दहाला मी ओसरीत गेले. बाई ऑपरेशननंतरचा जाड काळा चष्मा लावून बसल्या होत्या. शेजारी वही होती. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, प्रत्येक विचारणेला पाच ओळी.

"कुठवर आलात?"

"सतरा सप्टेंबर." त्यांनी वहीत बोट घालून दाखवलं. "आता पटापट होईल. डोळा बरा आहे."

मी त्यांच्या शेजारी बसले. यादीतला एक निरुपयोगी कॉलम काढला, त्याच्या जागी पाच नवे घातले, फॉर्ममधली माहिती तिथं येईल असं केलं. मग बाईंना खुणेवरून शोधता यावं म्हणून वर एक चौकट दिली. घड्याळ बघायचं काही कारण नव्हतं, पण मी बघितलं. बावीस मिनिटं लागली होती.

"घ्या बाई. झालं."

पान पुन्हा उघडलं. एकशे बारा, एकशे तेरा असल्या बिनचेहऱ्याच्या ओळींच्या जागी माणसंच माणसं दिसायला लागली. कोणाच्या भुवईवर व्रण, कोणाच्या पाठीवर जन्मखूण, कोणाला सहा बोटं. बाईंनी हात जोडून छातीशी नेले. "अगंबाई! सगळे एकदम आले की समोर!"

त्या वाचू लागल्या. बोट पडद्याला टेकवून, एकेक ओळ, खुणेच्या रकान्यावरून खाली. मी चहा आणायला उठले होते. परत आले तेव्हा त्यांचं बोट एका ठिकाणी थांबलेलं होतं.

"अस्मिता," त्या म्हणाल्या, "हे जरा तू वाच. माझा डोळा अजून नीट नाही."

डोळ्याला काही झालं नव्हतं. मी वाचलं. उजव्या हातावर विंचू, नांगी नाही.

"तारीख बघ."

एकवीस सप्टेंबर.

मी ती विचारणा उघडली. चिंतामण कुळमेथे, वय एक्केचाळीस, गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं एक खेडं. भाषा गोंडी, मराठी समजते. फेब्रुवारीत तेलंगणात मिरची तोडायला गेला, टोळी परत आली, तो आला नाही. डोक्यानं थोडा अधू आहे पण कोणाला त्रास देत नाही. खाली आणखी काही लिहायचं असल्यास म्हणून मी एक मोठी चौकट ठेवली होती. तिच्यात लिहिलं होतं, "मामा जेवायला मागत नाही. उपाशी झोपतो. कोणाकडे असेल तर कृपया स्वतःहून वाढावे. आई रोज विचारते. ममता मडावी." आणि मोबाइल नंबर.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. स्वयंपाकघरात कोणीतरी भांडी लावत होतं.

"चार दिवस," बाई शेवटी म्हणाल्या. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांचा हात होता. "सतरावर होते मी. चार दिवस राहिले होते."

"बाई, माझ्यामुळं..."

"फोन लाव," त्या म्हणाल्या.

"मी बोलू?"

"नको. लावून माझ्याकडं दे."

त्यांनी तेहतीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडून दिले होते. हा फोन त्या उभं राहून बोलल्या. पलीकडं ममता होती, बहिणीची मुलगी, चंद्रपूरला डी.एड. करत होती. बाईंनी आधी खात्री केली, खूण, उंची, पुढचा पडलेला दात. मग म्हणाल्या, "बाळ, तुझा मामा आमच्याकडं होता. सात महिने होता." त्यांनी 'होता' असं म्हटलं आणि थांबल्या. पलीकडच्या मुलीला ते कळायला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. बाई बराच वेळ नुसत्या "हो... हो बाळ... हो," करत राहिल्या.

तेवीस तारखेला त्या दोघी आल्या. गाड्या बदलत बदलत, दीड दिवसाच्या प्रवासानं. सुगंधाबाई मडावी, शांतारामची, म्हणजे चिंतामणची, थोरली बहीण. पन्नाशीची, ठेंगणी, हिरव्या लुगड्यातली. हातात एक शिवलेली पिशवी. ममता तिच्या मागं उभी होती, पाठीवर कॉलेजची बॅग, ओठ घट्ट मिटलेले.

मी तिथं का गेले होते, मला विचारू नका. बाईंनी बोलावलं नव्हतं. घरी बसवेना एवढं खरं.

सुगंधाबाईंनी आधी त्याची जागा बघितली. चटई, घडी केलेली चादर, लोखंडी खाट. खाटेवर तळहात ठेवून त्या उभ्या राहिल्या. मग विचारलं, "जेवत होता का जी?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. "पहिल्यापहिल्यांदा कळलं नाही आम्हाला. रांगेत यायचा नाही तो. भूक नसेल असं वाटायचं. मग ध्यानात आलं. तेव्हापासून मी यायचे त्या दिवशी मी वाढायचे, नाहीतर स्वयंपाकाच्या बाई वाढायच्या. मग जेवायचा पोटभर."

"लहानपणापासून तसाच," सुगंधाबाई म्हणाल्या. "आमची माय गेली तवा हा चार वर्षांचा होता. मीच वाढत होती त्याले. माह्याच हाताची सवय लागली." त्या आपल्या मनगटाकडं बघत होत्या. "गोंदणारी आली होती गावात. हा म्हणे, मले विंचू काढून दे. अर्धा झाला अन् रडत पळून गेला जंगलात. त्या बाईनं सुई धरून वाट पायली. हा काई आला नाई. तवापासून तो तसाच राह्यला."

त्या हसल्या. थोडं, आठवणीनं. आणि मग हसणं तसंच चेहऱ्यावर राहून डोळे भरून आले.

आम्ही ऑफिसात येऊन बसलो. मी सगळ्यांना चहा दिला. ममतानं तिचा कप खाली ठेवला आणि मोबाइल काढला.

"मॅडम, मी फॉर्म एकवीस सप्टेंबरला भरला होता. माझ्याकडं त्याचा मेसेज आहे. 'आपली माहिती मिळाली, आम्ही लवकरच संपर्क करू.' हा बघा." तिनं मोबाइल पुढं केला. तो मेसेज मीच लिहिला होता. फॉर्म भरल्यावर आपोआप जायचा. "तेव्हा मामा इथंच होता ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

"जिवंत होता."

"हो."

"मग चार महिने कोणी वाचलं का नाही?"

सुगंधाबाईंनी लेकीच्या हातावर हात ठेवला, पण तिला गप्प केलं नाही. त्यांनाही उत्तर हवं होतं. त्या बाईंकडं बघत होत्या.

मी बाईंच्या खुर्चीमागं उभी होते. हातात चहाचा ट्रे होता. मला जे सांगायचं होतं ते फार मोठं नव्हतं. यांनी मला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. तीनदा सांगितलं. मी केलं नाही. एवढंच. तीन वाक्यं. मी तोंड उघडलंसुद्धा होतं.

"यादी मीच बघते," नलवडेबाई म्हणाल्या. "माझ्या नजरेतून सुटलं, बाळ. डोळ्याचं ऑपरेशन होतं. माझी चूक झाली."

ममता त्यांच्याकडं बघत राहिली. "चूक," ती म्हणाली. सुगंधाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "माती कुठं देल्ली?"

मी ट्रे आत नेऊन ठेवला. नळ सोडला आणि धुतलेलेच कप पुन्हा धुतले.

दुपारी आम्ही चौघी रिक्षानं स्मशानात गेलो. एका कडेला बेवारस लोकांसाठी जागा आहे, तिथं ओसरीच्या लोकांनी सोळा तारखेला त्याला पुरलं होतं. ओली माती अजून बसलेली नव्हती. सुगंधाबाई तिथं टेकल्या आणि गोंडीत काहीतरी बोलू लागल्या. शब्द समजत नव्हते. पण सूर रडण्याचा नव्हता, रागवण्याचा होता. जेवायला हाका मारून मारून कोणी येत नसलं की बायका जशा बोलतात तसा. मग त्यांनी पिशवीतून भाकरी काढली, दोन दिवसांची, घरून आणलेली, आणि तिचे तुकडे करून मातीवर ठेवले. मूठभर माती पदराच्या टोकात बांधून घेतली. बाई जरा लांब उभ्या होत्या, चष्म्याखालून पाणी गळत होतं, पुसत नव्हत्या.

त्या दोघी संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. मी स्टेशनवर गेले नाही.

पंधरा दिवसांनी ओसरीच्या कार्यवाहांचा मला फोन आला. कुळमेथेच्या घरच्यांनी विश्वस्तांना पत्र पाठवलं होतं, नलवडेबाईंच्या नावानिशी. चार महिने माहिती पडून राहिली, माणूस बेवारस म्हणून पुरला गेला, जबाबदार व्यक्तीला कामावरून दूर करावं. "बाईंचं वय झालंय," कार्यवाह म्हणाले. "त्यांनी स्वतःही मान्य केलंय. तुम्ही त्यांचं लॉगिन तेवढं बंद करा."

तेव्हा सांगायला हवं होतं. फोनवर होते, समोर कोणाचा चेहरा नव्हता. मी म्हणाले, "करते सर."

ते काम मी शनिवारवर टाकलं नाही. लगेच बसले. बाईंच्या नावापुढचं बटण दाबलं तशी सिस्टीमनं विचारलं, या व्यक्तीनं केलेल्या सगळ्या नोंदींचं काय करायचं? पुसून टाकायच्या की दुसऱ्या कोणाच्या नावावर करायच्या? बाईंच्या नोंदी साडेपाचशे होत्या. फोटो, उंची, बोलीभाषा, खुणा. मी त्या कार्यवाहांच्या नावावर केल्या. मिनिटभरात झालं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. त्या एकट्याच राहायच्या, मुलगी बेळगावला दिलेली. दारात बसून मटार सोलत होत्या. मला बघून आत गेल्या नाहीत, "ये" म्हणाल्या आणि पाट सरकवला.

"बाई, तुम्ही असं का सांगितलंत त्या दिवशी?"

"काय सांगितलं?"

"तुमची चूक म्हणून."

"वहीचा हट्ट माझा होता. जुन्यापासून बघायचं मीच ठरवलं. नव्यापासून बघितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी सापडला असता तो." त्या सोलत राहिल्या. "मला रोज दिसतं ते."

"पण मी तो कॉलम केला असता तर..."

"हो," बाई म्हणाल्या. "तू केला असतास तर."

पहिल्यांदाच त्यांनी ते तोंडानं म्हटलं. रागानं नाही. एक दाणा निसटून अंगणात गेला, तो त्यांनी उचलून पाटीत टाकला.

"मी कार्यवाहांना सांगते, बाई. सगळं सांगते. ममतालाही लिहिते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सांग की. मी कुठं अडवलंय?"

मी थोडा वेळ बसले, मटार सोलायला हात लावला, आणि उठून आले. कार्यवाहांकडं गेले नाही. मनाशी म्हणायचे, बाईंनीच प्रकरण मिटवलंय, आता कशाला उकरायचं. त्या वर्षी मला आणखी दोन निर्यातदार मिळाले. ऑफिस सांगलीला मोठ्या जागेत गेलं. बाई रस्त्यात भेटल्या की हसायच्या, कसं चाललंय विचारायच्या. ओसरीच्या आवारात त्या पुन्हा गेल्या नाहीत. कोणी सांगितलं, त्या दुपारी स्टेशनवर जाऊन बसतात, तीन नंबर फलाटावर, आणि कोणी भरकटलेलं दिसलं तर ओसरीत फोन करून कळवतात. नाव न सांगता.

दोन वर्षांनी, दिवाळीनंतर, त्या गेल्या. झोपेतच. मला चौथ्या दिवशी कळलं.

त्यानंतर महिनाभरानं मी ममताचा नंबर शोधून काढला. त्या विचारणेतच होता. ती आता एका आश्रमशाळेत शिकवत होती, सुट्टीला घरी आली होती. मी कोण ते सांगितल्यावर ती म्हणाली, "आईशीच बोला," आणि फोन दिला.

मी सगळं सांगितलं. कॅलेंडरच्या पानापासून. अर्ध्या तासाचं काम म्हणाले होते ते, शनिवार, दोनदा आलेले फोन, बावीस मिनिटं. हेही सांगितलं की त्या दिवशी चहा देणारी ती मीच होते, खुर्चीमागं उभी होते आणि गप्प राहिले. सुगंधाबाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. मला वाटलं फोन तुटला.

"ऐकताय ना?"

"ऐकून रायली." मग त्या म्हणाल्या, "म्हंजे त्या मोठ्या बाईची चूक नव्हती."

"नव्हती."

"आमच्या पोरीनं कागद केला तिच्यावर. काम गेलं म्हणे तिचं. मले लय वाईट वाटलं होतं तवा. त्याले वाढत होती ना ते. तिच्या हातचं जेवला तो." त्यांचा आवाज जरा लगबगीचा झाला. "तिले फोन लावून देता का? मी बोलतो तिच्यासंग. म्हणतो, बाई, मनात ठेवू नको."

"बाई गेल्या," मी म्हणाले. "महिना झाला."

मग सुगंधाबाईंनी विचारलं, अगदी साधेपणानं, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं, "मंग हे आता तुमी कोनासाठी सांगून रायल्या?"

त्यांनी फोन ठेवला नाही. उत्तराची वाट बघत राहिल्या.